लेकीला हायड्रोजनच्या सरकारी प्रकल्पात जागा मिळतेय. घ्यावी का?

दांडियाबाजारकर | शुक्रवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे नुसता वाचनमात्र असतो, पण आज गरज पडली.

लेक रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाली, गेटची परीक्षाही काढली. आता तिच्यापुढे दोन पानं मांडलेली आहेत. एक पुण्याला, बॅटऱ्या बनवणाऱ्या कंपनीत, वर्षाला सहा लाख. दुसरं इथेच बडोद्यात, सरकारी पैशावर चालणाऱ्या प्रकल्पात संशोधक म्हणून. महिना ३७,००० आणि वर घरभाडे भत्ता. विषय फ्युएल सेल, म्हणजे हायड्रोजनपासून वीज. तीन वर्षं. त्यात पीएच.डी. 'होऊन जाईल' असं तिथले सर म्हणाले.

मी बँकेत एकतीस वर्षं काढली. फ्युएल सेल हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा पेट्रोल पंपावर सेल लागलाय असं वाटलं होतं. तर प्रश्न असा: या हायड्रोजनात खरंच काही दम आहे का, की सरकारचा उत्साह दोन वर्षांत ओसरणार आणि पोरगी अर्ध्या वाटेत राहणार?

---

सुरसागरी | शुक्रवार, रात्री ९:२२

पुण्याच्या पानात वाढप बेताचं असतं एवढंच सांगून ठेवतो. बाकी जाणकार येतीलच. मी शेंगा घेऊन बसलोय.

---

बॅटरीवाला | शुक्रवार, रात्री १०:०५

काका, मी पुण्यात याच धंद्यात आहे, त्यामुळे माझं मत एकतर्फी वाटेल. पण आकडे एकतर्फी नसतात.

पाण्यातून एक किलो हायड्रोजन काढायला प्रत्यक्षात ५० ते ५५ युनिट वीज जाते. त्या किलोत ऊर्जा असते साधारण ३३ युनिट. फ्युएल सेलमधून त्याची परत वीज केली की निम्मी उष्णता होऊन जाते. मध्ये गॅस दाबून टाकीत भरायला लागते ती वीज वेगळीच. म्हणजे ५५ घातले आणि हातात पंधरा-सोळा आले. तीच वीज सरळ बॅटरीत भरली तर चाळीसच्या वर चाकापर्यंत पोचते. बँकेत असताना असल्या ठेवीला तुम्ही काय म्हणाला असतात?

आणि सरकारी उत्साहाचं म्हणाल तर तो पहिल्यांदा आलेला नाही. २००३ मध्ये राष्ट्रीय हायड्रोजन ऊर्जा मंडळ झालं, २००६ मध्ये आराखडा आला. २०२० पर्यंत रस्त्यावर हायड्रोजनची दहा लाख वाहनं असा त्यात इरादा होता. परवा तुम्ही न्यायमंदिराच्या चौकात किती मोजलीत?

पुण्याला पाठवा.

---

सुरसागरी | शुक्रवार, रात्री १०:११

न्यायमंदिराच्या चौकात वाहनं हलतच नाहीत, त्यामुळे कशावर चालतात ते कळायला मार्ग नाही.

---

कॉस्टिक_काका | शुक्रवार, रात्री ११:३०

बॅटरीवाला, आकडे बरोबर. प्रश्न चुकीचा घेतलात.

मी रणोली-नंदेसरीच्या पट्ट्यात कॉस्टिक सोड्याच्या कारखान्यात चौतीस वर्षं काढली. (कुठल्या ते विचारू नका, अजून पेन्शनीचे कागद अडकलेत.) मिठाच्या पाण्यातून वीज सोडली की एका बाजूला क्लोरीन, दुसऱ्या बाजूला कॉस्टिक आणि हायड्रोजन. एक टन कॉस्टिकमागे पंचवीस किलो हायड्रोजन निघतोच, तुम्हाला हवा असो वा नसो. सुरुवातीच्या वर्षांत आम्ही तो चिमणीतून वर सोडून द्यायचो. पुढे बॉयलरला जाळायला लागलो, मग बाटल्यांत भरून विकायला लागलो.

तुम्ही रस्त्यावरच्या गाड्या मोजताय. जरा छाणी नाक्याच्या पुढे या. कोयलीची रिफायनरी १९६५ पासून चालू आहे. डिझेलमधलं गंधक काढायला तिथे हायड्रोजन लागतो. शेजारी खताचा कारखाना. एक टन अमोनिया करायचा तर पावणेदोनशे किलोच्या वर हायड्रोजन पाहिजे. हा सगळा नैसर्गिक वायूतून काढतात आणि किलोमागे नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. देशभर असा पन्नास-साठ लाख टन हायड्रोजन आजही दर वर्षी वापरला जातो. तिथे बॅटरी बसवून दाखवा. युरियाला चार्जिंग करता येत नाही.

हायड्रोजन बडोद्याला नवा नाही. फक्त तो आजवर काळा होता, आता हिरवा करा, म्हणजे सूर्य-वाऱ्याच्या विजेवर काढा, म्हणताहेत.

---

बॅटरीवाला | शुक्रवार, रात्री ११:५२

मान्य, खत आणि रिफायनरीबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. पण काका, त्यांची लेक इलेक्ट्रोलायझरवर नाही, फ्युएल सेलवर काम करणार आहे. खताला फ्युएल सेल लागत नाही.

---

कॉस्टिक_काका | शनिवार, सकाळी ६:४०

रात्री झोप लागली म्हणून उत्तर राहिलं.

फ्युएल सेल आणि इलेक्ट्रोलायझर ही एकाच घराची पुढची आणि मागची दारं. एकात वीज घालून पाणी फोडायचं, दुसऱ्यात हायड्रोजन-ऑक्सिजनचं पाणी करून वीज घ्यायची. आत तोच पडदा, तीच प्लॅटिनमच्या जातीची महाग धातूची भुकटी, तेच गॅस्केट, तेच गळतीचं दुखणं. गंमत म्हणजे तो पडदा, नाफिऑन म्हणतात, तो आमच्या कॉस्टिकच्या सेलमध्येही असतो. आमच्याकडे पाऱ्याच्या सेल काढून मेम्ब्रेन सेल आल्या तेव्हा पहिला पडदा बसवताना चार माणसं नववधूची पैठणी धरावी तशी चार टोकं धरून उभी होती. सुकू द्यायचा नाही, चुणी पडू द्यायची नाही. एक चुणी म्हणजे पुढे पिनएवढं भोक, आणि भोक म्हणजे क्लोरीन आणि हायड्रोजन एकत्र. पुढचं सांगत नाही.

पोरगी हा पडदा हाताळायला शिकली तर तिला दोन्ही दारांनी नोकरी आहे.

---

करेलीबागची_मंजिरी | शनिवार, सकाळी ९:१५

मी अशाच एका प्रकल्पात होते, विषय वेगळा. संस्थेचं नाव घेत नाही. काम छान होतं, सर चांगले होते. पण तीन वर्षांत एकदा सलग सात महिने पैसे आले नाहीत. मागच्या हप्त्याचा खर्चाचा दाखला वर गेला नाही, म्हणून पुढचा हप्ता खाली आला नाही. दाखला का गेला नाही? एका बिलावर जुन्या फॉर्मचा नंबर होता. सात महिने मी बाबांकडून रिक्षाचे पैसे घेत होते, वय वर्षे सव्वीस. नंतर सगळे पैसे एकदम आले, तेव्हा आईने त्यातून सोन्याच्या कुड्या करून घेतल्या, म्हणाली परत अडकायच्या आत.

काका, जॉइन होण्याआधी तीन गोष्टी सरांना विचाराच. मंजुरीचं पत्र किती तारखेचं आहे आणि प्रकल्पाची किती वर्षं आधीच उलटलीत? पहिला हप्ता खात्यात आलाय का? आणि पीएच.डी.ची नोंदणी कधी? 'होऊन जाईल' हे उत्तर नव्हे.

---

दांडियाबाजारकर | शनिवार, सकाळी ९:४८

मंजिरीताई, हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. लिहून घेतलं. कुड्यांचंही.

---

जुनी_घडी | शनिवार, सकाळी ११:०५

सरकारी पैशाने संशोधन हे बडोद्याच्या रक्तात आहे. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन ही तंत्रशाळा काढली. तिथे त्रिभुवनदास गज्जर रंगांचं रसायन शिकवत. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या मंडळींनी १९०७ मध्ये अलेंबिक ही औषध कंपनी उभी केली. म्हणजे तिजोरीतून शाळा, शाळेतून माणसं, माणसांतून कारखाना, आणि मध्ये गेली सतरा वर्षं. महाराजांनी पाचव्या वर्षी 'निकाल दाखवा' म्हणून कलाभवनाला टाळं ठोकलं असतं तर?

---

बॅटरीवाला | शनिवार, दुपारी १२:३०

जुनी_घडी, महाराज निवडणुकीला उभे राहत नव्हते.

---

जुनी_घडी | शनिवार, दुपारी १२:४१

म्हणूनच निवडून यायची त्यांना गरज पडली नाही. आणि महाराज पैसे देऊन मोकळे होत नसत. बाबासाहेबांना १९१३ मध्ये अमेरिकेला पाठवलं ते परत येऊन दहा वर्षं संस्थानची नोकरी करायच्या करारावर. (ते परत आल्यावर या गावाने त्यांना राहायला खोली दिली नाही, ते आपल्या शहराचं पाप. शिष्यवृत्ती देऊन भागत नाही, घरही द्यावं लागतं. असो, विषयांतर झालं.)

---

आकडेमोड | शनिवार, दुपारी २:१०

मूळ प्रश्न 'सरकारचा उत्साह' असा आहे, म्हणून कागदावरचं मांडतो.

४ जानेवारी २०२३ला केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशन मंजूर केलं. एकूण १९,७४४ कोटी. त्यातले १७,४९० कोटी उत्पादनासाठी प्रोत्साहन म्हणून, इलेक्ट्रोलायझर बनवणाऱ्यांना आणि हिरवा हायड्रोजन काढणाऱ्यांना. १,४६६ कोटी प्रायोगिक प्रकल्पांना. संशोधनाला ४०० कोटी. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हे ध्येय.

४०० भागिले १९,७४४ करून बघा. शंभरातले दोन. आपण मोटर विकत घेतोय आणि मेकॅनिकच्या शिक्षणाला दोन टक्के ठेवतोय. त्या पैशांतून पहिल्या फेरीत २३ प्रकल्प मंजूर झाले. नंतर नवउद्योगांसाठी शंभर कोटींची वेगळी हाक दिली, एका प्रकल्पाला पाच कोटींपर्यंत. तुमच्या लेकीचा प्रकल्प यातला आहे की दुसऱ्या खात्याचा, हे बघून घ्या. विज्ञान-तंत्रज्ञान खात्याचा असेल तर मिशनच्या चढ-उताराशी त्याचा थेट संबंध नसेल.

'हिरवा' म्हणजे काय याचीही व्याख्या ऑगस्ट २०२३ मध्ये ठरली. एक किलो हायड्रोजनमागे दोन किलोपेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड सुटता कामा नये. कॉस्टिक काकांच्या दहा किलोशी ताडून बघा.

---

सुरसागरी | शनिवार, दुपारी २:२५

पाणी कुठून आणणार ते कोणी विचारलंच नाही. अजवा तलावाचं पाणी आम्हालाच एक वेळ येतं.

---

आकडेमोड | शनिवार, दुपारी २:४०

एका किलोला रसायनशास्त्राच्या हिशेबाने नऊ लिटर. शुद्धीकरणात वाया जातं ते वेगळं. रोज दहा टन काढणाऱ्या प्लांटला निव्वळ ९०,००० लिटर, म्हणजे दहा हजारी टँकर नऊ. मोठ्या सोसायटीत उन्हाळ्यात याहून जास्त येतात. पाणी ही अडचण आहे, पण पहिली नव्हे. पहिली अडचण वीज आणि तिचा भाव.

---

सुरसागरी | शनिवार, दुपारी २:४४

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी घरात आली होती तेव्हा प्लांट लावायला हवा होता. मगरींसकट.

---

इंदूरी_जिरावण | शनिवार, दुपारी ४:०२

बडोदेकरांनो, फार फुशारकी नको. जानेवारी २०२२ मध्ये शहराच्या गॅस जाळ्यात हायड्रोजन मिसळायचा देशातला पहिला प्रयोग गेल या सरकारी गॅस कंपनीने आमच्या इंदूरला सुरू केला. आमचे पोहे हायड्रोजनवर वाफवलेले असू शकतात.

---

बॅटरीवाला | शनिवार, दुपारी ४:३०

जिरावण, अभिनंदन, पण हिशेब बघा. घनफळाला हायड्रोजनमध्ये ऊर्जा मिथेनच्या एक तृतीयांशाच्या आसपास. सुरतेजवळ कवासला एनटीपीसी या सरकारी वीज कंपनीच्या वसाहतीत जानेवारी २०२३ पासून पाच टक्के मिसळायला सुरुवात झाली. पाच टक्के घनफळ म्हणजे ऊर्जा जेमतेम दीड टक्का. वीस टक्के मिसळला तरी सात टक्क्यांच्या आसपास. पोह्यातल्या शेवेइतका.

---

इंदूरी_जिरावण | शनिवार, दुपारी ४:३३

शेवेशिवाय पोहे खाणाऱ्याशी मी वाद घालत नाही.

---

माहेर_बडोदा | शनिवार, संध्याकाळी ५:१५

मला साधी भीती वाटते ती विचारते. पोरगी रोज हायड्रोजनच्या बाटल्यांजवळ बसणार. स्फोटाचं काय? हायड्रोजन भरलेलं हिंडेनबर्ग हे हवाई जहाज जळतानाचं चित्र सगळ्यांनी पाहिलंय.

---

कॉस्टिक_काका | शनिवार, संध्याकाळी ७:००

माहेर_बडोदा ताई, भीती बाळगावी, पण ओळखून. हवेत चार टक्क्यांपासून पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत मिसळलेला हायड्रोजन पेटतो, आणि पेटायला ठिणगीही नावापुरती पुरते. कपड्याची घासण्याची ठिणगी पुरेशी. हा त्याचा दोष. गुण असा की तो हवेच्या चौदापट हलका. एलपीजी गळला की जमिनीवर पसरून दबा धरून बसतो, हा वर निघून जातो. म्हणून छताला झरोका हवा, खोली डब्यासारखी बंद नको. पहिल्या दिवशी तिने मान वर करून छत बघावं.

आणखी एक. हायड्रोजनची ज्वाळा दिवसा दिसत नाही. एका मे महिन्यात दुपारी अडीचला वरच्या मजल्यावरून 'सूं' असा आवाज येत होता, पाइपाच्या फ्लँजपाशी, म्हणजे जोडापाशी. नवा मुलगा सरळ चालत निघाला. आमच्या फोरमनने त्याची कॉलर धरली आणि कोपऱ्यातला खराटा उचलला. खराटा आडवा पुढे धरून पावलापावलाने गेला. फ्लँजच्या हातभर अलीकडे खराट्याचं टोक भपकन पेटलं. ना धूर, ना रंग. नुसती हवा जराशी थरथरत होती. मुलगा तिथेच जिन्यावर बसला. त्याने त्या दिवशी डबा खाल्ला नाही.

आता गॅस ओळखणारी यंत्रं असतात. पण आमच्याकडे प्रत्येक मजल्यावर तो खराटा होता आणि झाडूवाल्यालाही तो उचलायची मनाई होती.

आणि हो, तिला सांगा, हायड्रोजनची बाटली लाल असते आणि तिचे आटे उलटे असतात. नटाच्या कोपऱ्यांवर खाच दिसली की समजायचं, डावीकडे फिरवला की आवळतो, उजवीकडे फिरवला की सुटतो. पहिल्या दिवशी सगळे चुकतात आणि नट गच्च करून ठेवतात.

---

सुरसागरी | शनिवार, संध्याकाळी ७:०८

काका, मी शेंगा खाली ठेवल्या.

---

अंबरनाथचा_बंड्या | शनिवार, रात्री ९:२०

फ्युएल सेल म्हणजे फक्त गाडी असं बॅटरीवाल्यांनी धरलंय. आमच्या अंबरनाथला डीआरडीओची नौदलाच्या सामग्रीची प्रयोगशाळा आहे, एनएमआरएल. त्यांनी पाणबुडीसाठी फॉस्फोरिक ॲसिडवर चालणारा फ्युएल सेल केला. डिझेल पाणबुडीला बॅटरी भरायला वर येऊन श्वास घ्यावा लागतो आणि तिथेच ती पकडली जाते. फ्युएल सेल असला की जास्त दिवस खाली राहता येतं. हायड्रोजन पाणबुडीतच तयार करतात, टाक्या वाहून न्यायला नकोत. मार्च २०२१ मध्ये जमिनीवरच्या नमुन्याची चाचणी झाली. डिसेंबर २०२४ मध्ये तो पाणबुडीत बसवायच्या कामाचा सुमारे १,९९० कोटींचा करार माझगाव डॉकबरोबर झाला.

आणि इस्रोने १ जानेवारी २०२४ला पीएसएलव्ही-सी५८ या रॉकेटबरोबर शंभर वॅटच्या वर्गातला फ्युएल सेल अंतराळात नेऊन चालवला. वीज झाली १८० वॅट. एका मिक्सरलाही पुरणार नाही. पण आपल्या हाताने केलेला होता.

हे सगळं सरकारी पैशावरच झालं. पाणबुडीचा फ्युएल सेल खाजगी कंपनी स्वतःच्या खिशातून करणार नाही, कारण गिऱ्हाईक एकच.

---

बॅटरीवाला | शनिवार, रात्री १०:१०

पाणबुडी मान्य. अंतराळ मान्य. खत, रिफायनरी मान्य. हळूहळू मला सगळं मान्य करायला लावताय, फक्त मोटारगाडी राहिली. ती मी सोडणार नाही. लोखंडाची साठ किलोची बाटली घ्या. दीडशे बार दाबाने भरलेली असते आणि आत हायड्रोजन अर्ध्या किलोच्या जरा वर. हमाल लोखंडाचा, माल चिमूटभर. टोयोटा मिराई सातशे बारपर्यंत जाते तेव्हा कुठे पाच-साडेपाच किलो मावतो, आणि त्या टाक्या कार्बन फायबरच्या, किंमत विचारू नका.

---

आकडेमोड | शनिवार, रात्री १०:३५

बॅटरीवाला, मोटारगाडीवर मी तुमच्या बाजूला. पण लांब पल्ल्याचा ट्रक? बॅटरीचं वजन मालाची जागा खातं. मार्च २०२५ मध्ये सरकारने पाच प्रायोगिक प्रकल्प मंजूर केले, मिळून ३७ बस-ट्रक आणि भरणा करायची नऊ ठिकाणं, सुमारे २०८ कोटींची मदत. ३७ पैकी १५ फ्युएल सेलवर, उरलेली २२ चक्क इंजिनात हायड्रोजन जाळणारी. मार्गांत अहमदाबाद-बडोदा-सुरत आहे. म्हणजे दांडियाबाजारकरांना मोजायला दहा लाख नाहीत, पण एखादं वाहन एक्स्प्रेस वेवर दिसेल.

भावाचं म्हणाल तर पानिपतच्या रिफायनरीसाठी वर्षाला दहा हजार टनांच्या प्लांटचा दर किलोला ३९७ रुपये ठरला. वायूतून काढलेला याच्या निम्म्याच्या आसपास पडतो. हे अंतर कमी करणं हाच संशोधनाचा विषय. पडदा जास्त टिकला, प्लॅटिनम-इरिडियम कमी लागलं, की आकडा उतरतो.

---

पडद्यामागची (नवीन सदस्य) | रविवार, सकाळी १०:२०

बाबा, माझ्याबद्दल धागा काढलात?

मावशीने लिंक पाठवली, "अगं ही तू तर नव्हेस?" म्हणून. सगळे प्रतिसाद वाचले. कॉस्टिक काका, तुमचे दोनदा.

मी काल त्या प्रयोगशाळेत जाऊन आले, बाबांना न सांगता. मंजिरीताईंचे प्रश्न तेव्हा वाचलेले नव्हते, तरी ते तिन्ही मीच विचारले. मंजुरी सहा महिन्यांपूर्वीची आहे, पहिला हप्ता आलेला आहे. नोंदणीबद्दल सर म्हणाले पुढच्या सत्रात, मी म्हटलं लिहून द्या. त्यांनी आधी चष्मा काढला, मग ईमेल केला.

सेल केवढा असतो माहितीये? पडदा जेमतेम सुपारीच्या डब्याच्या झाकणाएवढा, पाच सेंटिमीटर बाय पाच. दोन्ही बाजूंना काळी कार्बनची कागदी तबकडी, मग ग्रॅफाइटच्या प्लेटा, त्यांत नागमोडी कोरलेल्या नाल्या. आठ बोल्ट. ते एकेक करून नाही आवळायचे, समोरासमोरचे, थोडे थोडे, टॉर्कच्या पान्याने. तिथली सीनिअर मुलगी मोजत होती, चार, पाच, सहा, आणि मध्येच कोणी बोललं की पुन्हा पहिल्यापासून. हायड्रोजन आत जायच्या आधी कोमट पाण्याच्या बाटलीतून बुडबुडे काढत नेतात, नाहीतर पडदा सुकतो. एवढा सरंजाम करून काल मिळाले पंधरा वॅट. जिन्यातला एलईडी बल्ब.

आईला कसं समजावलं ते सांगते. देवळात बायकांची रांग वेगळी, पुरुषांची वेगळी. हायड्रोजन दाराशी आला की त्याचे दोन तुकडे होतात. प्रोटॉनला पडदा आतून सोडतो. इलेक्ट्रॉनला म्हणतो, तू बाहेरून वळसा घालून ये. तो वळसा म्हणजे वीज. गाभाऱ्यात दोघं पुन्हा भेटतात, ऑक्सिजनसमोर, आणि पाणी होतं. आई म्हणाली, "म्हणजे तीर्थच की." अपोलोच्या अंतराळवीरांनी ते तीर्थ खरंच प्यायलं होतं.

बॅटरीवाला दादा, तुमचे आकडे मला पाठ आहेत, मुलाखतीत मीच ते सरांना ऐकवले. सर म्हणाले, "ते बरोबर आहे, आता पडद्याबद्दल बोल." पुण्याची नोकरी वाईट नाही. पण तिथे मी दुसऱ्याने ठरवलेल्या सेलची तपासणी करणार. इथे माझा पडदा फाटला तर तो का फाटला हे मला शोधायला तीन वर्षं आहेत.

---

बॅटरीवाला | रविवार, सकाळी १०:५८

मी माझा प्रतिसाद अर्धा मागे घेतो. गाडीचा अर्धा ठेवतो. आणि तीन वर्षांनी नोकरी हवी असेल तर मला लिही, आमच्याकडेही पडदे फाटतात.

---

करेलीबागची_मंजिरी | रविवार, सकाळी ११:१०

ईमेल छापून ठेव गं. आणि प्रत्येक बिलाची झेरॉक्स.

---

दांडियाबाजारकर | रविवार, सकाळी ११:३०

हिला कळलंय म्हटल्यावर आता बोलण्यासारखं फार उरलं नाही. काल दुपारी 'मैत्रिणीकडे जाते' म्हणून गेली होती, ती ही मैत्रीण.

कॉस्टिक काका, तुम्ही छाणीच्या बाजूला असाल तर येत्या रविवारी घरी या. सेवउसळ आणतो. पोरीला तुमच्याशी बोलायचंय, पण विचारायला लाजतेय.

---

कॉस्टिक_काका | रविवार, दुपारी १२:१५

लाजायचं काय त्यात. येतो. सेवउसळीत तर्री वेगळी आणा, मला ॲसिडिटी आहे, आणि तरी मी ती घालणार आहे.

निवृत्त झालो त्या दिवशी फोरमनने मला उलट्या आट्यांच्या नटाचा पाना दिला होता, हायड्रोजनच्या बाटलीला बरोबर बसणारा, लाल रंगाचा पट्टा मारलेला. दहा वर्षं कपाटात पडून आहे. येताना घेऊन येतो. पण मुली, तिथल्या खोलीचं छत पाहिलंस का?

---

पडद्यामागची | रविवार, दुपारी १२:२२

पाहिलं काका. झरोका आहे. त्यात कबुतराने घरटं केलंय.

---

कॉस्टिक_काका | रविवार, दुपारी १२:२५

सोमवारी पहिलं काम ते.